स्वतःची काळजी घेणे हा स्वार्थ आहे काय?



आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही घरातली सकाळ डोळ्यांसमोर आणू या. घरातली आई पहाटे साडेचारला उठते. पाणी भरायचे, डबे करायचे, मुलांना शाळेत पाठवायचे, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायच्या आणि मग धावतपळत विरार लोकल गाठायची. तिने स्वतः काही खाल्ले का? "सगळ्यांचे झाले की घेईन," असे ती म्हणते आणि सगळ्यांचे कधीच होत नाही. घरातल्या बाबांना रक्तदाब निघाला, डॉक्टरांनी रोज एक गोळी सांगितली. चार महिने त्यांनी ती घेतली, बरे वाटू लागले आणि बंद केली. "आता काय झालंय मला?" असे ते विचारतात. धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचे सर्व काही करते. गेल्या दोन वर्षांत ती एखाद्या लग्नालासुद्धा गेलेली नाही.

अशा माणसांचे आपण कौतुक करतो. पुढे कधीतरी त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी कुणीतरी म्हणते, "तिने आयुष्यभर स्वतःकडे कधी पाहिले नाही." हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे! ते प्रेमाने म्हटले जाते, यात शंका नाही. परंतु जरा थांबून त्याचा अर्थ पाहू या. तिने स्वतःकडे पाहिले नाही आणि तिच्याकडे पाहायला दुसरे कुणी नव्हते, असाही त्याचा अर्थ होत नाही काय? जे दुखणे सहा महिने आधी दाखवले असते तर बरे होणार होते, ते तिने पदराआड लपवले. हा त्याग देवाने मागितला होता का?

आपल्या मनात एक शंका खोलवर रुजलेली आहे. प्रभू येशूने आपल्याला स्वतःला नाकारून क्रूस उचलायला सांगितले. मग स्वतःची काळजी घेणे, विश्रांती घेणे, वेळेवर जेवणे, डॉक्टरकडे जाणे हा स्वार्थ तर नव्हे? आज या शंकेचा आपण शुभवर्तमानाच्या प्रकाशात विचार करू या.

प्रभूने काय केले?

प्रभूच्या शिकवणुकीइतकेच त्याच्या दिनक्रमाकडेही लक्ष देणे उपयोगाचे ठरेल. मार्कच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात प्रेषित आपली पहिली सेवा संपवून परत येतात. आपण काय काय केले ते उत्साहाने सांगतात. लोकांची येजा इतकी होती की त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती. प्रभू त्यांना शाबासकी देऊन दुसऱ्या गावाला पाठवत नाही. तो त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो (मार्क ६:३१). दमलेल्या सेवकांसाठी प्रभूची पहिली आज्ञा विश्रांतीची आहे.

प्रभू स्वतःही थकत असे. शोमरोनातून जाताना भर दुपारी तो दमून विहिरीपाशी बसला (योहान ४:६). वादळात हेलकावे खाणाऱ्या होडीत तो उशीवर डोके ठेवून झोपला होता (मार्क ४:३८). देवाचा पुत्र झोपतो! त्याला झोपेची लाज वाटली नाही. पहाटे काळोखात उठून तो एकांतात प्रार्थनेला जाई आणि सगळे आपला शोध करीत आहेत हे समजल्यावरही घाईने मागे फिरत नसे (मार्क १:३५-३८).

इतरांच्या शरीराचीही त्याला तितकीच काळजी होती. याईराच्या मुलीला त्याने मरणातून उठवले. एवढा मोठा चमत्कार झाला, सारे थक्क होऊन उभे राहिले आणि प्रभूने काय सांगितले? मुलीला काहीतरी खायला द्या (मार्क ५:४३). पुनरुत्थानानंतर शिष्य रात्रभर जाळी टाकून किनाऱ्याला आले, तेव्हा उठलेला प्रभू त्यांच्यासाठी निखाऱ्यांवर मासळी भाजत होता (योहान २१:९). पेत्राला मेंढरे सोपविण्याचे बोलणे न्याहारीनंतर झाले. आपल्या किनारपट्टीवर रात्रीची मासेमारी करून आलेल्या माणसाला उपाशीपोटी उपदेश पचत नाही, हे कुणालाही सांगावे लागत नाही. प्रभूलाही ते ठाऊक होते.

तेव्हा क्रूस उचलणे म्हणजे काय? प्रेमापोटी जे दुःख सोसावे लागते, तो क्रूस. आळसामुळे न घेतलेली गोळी, भीतीमुळे टाळलेली तपासणी, संकोचामुळे न मागितलेली मदत, याला क्रूस म्हणता येणार नाही. त्या ओझ्यावर आपण प्रभूचे नाव लिहू नये.

झुडपाखाली झोपलेला संदेष्टा

जुन्या करारात एलिया संदेष्ट्याची कथा आहे (१ राजे १९). कर्मेल पर्वतावर त्याने मोठा विजय मिळविला होता. लगेच ईजबेल राणीने त्याला ठार मारण्याची धमकी दिली. तो घाबरून पळाला. बैरशेबाला पोहोचल्यावर त्याने आपल्या सेवकाला तेथेच सोडले आणि एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून गेला. एका रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने देवाजवळ मरण मागितले.

येथे एक गोष्ट लक्षात घेऊ या. माणूस फार थकला की प्रथम सोबतीला दूर करतो. "मला कुणाची गरज नाही" असे तो म्हणतो. नेमकी तेव्हाच त्याला सर्वात जास्त गरज असते.

देवाने एलियाला काय उत्तर दिले? त्याने त्याला विश्वासाच्या अभावाबद्दल रागावले नाही. इतर संदेष्ट्यांची उदाहरणे दिली नाहीत. त्याने त्याला झोपू दिले. मग देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले. उशाशी गरम दगडांवर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचे भांडे होते. एलियाने खाल्ले, पाणी प्याला आणि पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला, त्याने पुन्हा खायला लावले, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून होरेब पर्वतापर्यंत गेला. तेथे मंद वाणीतून देव त्याच्याशी बोलला, त्याला नवे काम दिले, अलीशा हा वारस दिला आणि सांगितले की तू एकटा उरलेला नाहीस, इस्राएलात सात हजार लोक अजून विश्वासू आहेत.

झोप, भाकर, पाणी, स्पर्श, सोबत आणि मग देवाची वाणी. देवाने हा क्रम ठेवला. आपण मात्र थकलेल्या माणसाला आधी उपदेश करतो आणि भाकरीचे विसरून जातो.

काळजी म्हणजे चैन नव्हे

आता नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 'स्वतःसाठी वेळ काढा' असे हल्ली जाहिरातीही सांगतात. त्यांचा अर्थ बहुतेक वेळा 'आमचे काही विकत घ्या' असा असतो. शुक्रवारी संध्याकाळी मित्रांबरोबर दोन पेग घेणारा भाऊही म्हणतो, "आठवडाभराचा शीण घालवतोय." रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल पाहणारा मुलगाही म्हणतो, "जरा रिलॅक्स होतोय." हे खरे आहे काय?

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत समतोल आहे. जीवन आणि शरीराचे आरोग्य ही देवाने आपल्याकडे सोपविलेली मोलाची देणगी आहे, म्हणून तिची योग्य काळजी घेणे आपले कर्तव्य आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो (क्र. २२८८). लगेच पुढच्याच क्रमांकात शरीराची पूजा मांडणाऱ्या वृत्तीला तो नाकारतो. त्यापुढे खाणे, दारू, तंबाखू आणि औषधे यांचा अतिरेक टाळायला सांगतो (क्र. २२९०). शरीर देणगी आहे, देव नाही. पण देणगी आहे म्हणूनच ते फेकून देण्याचाही आपल्याला हक्क नाही.

मग ओळखायचे कसे? एक साधी कसोटी आहे. हे केल्यानंतर माझे घरच्यांशी वागणे अधिक प्रेमळ होते का? तासभर झोप घेतल्यावर आई मुलांवर कमी चिडते. ती खरी काळजी. दोन पेगनंतर बाप घरात शिरला की मुले गप्प होतात. त्याला काळजी म्हणता येत नाही.

संत फ्रान्सिस असिसीकर यांनी आपल्या शरीराला गमतीने 'बंधू गाढव' असे नाव दिले होते. त्यांनी त्याला कठोर उपवास आणि जागरणे करायला लावली. १२२६ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते अवघे चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचे होते. शेवटच्या आजारपणात त्यांनी आपल्या शरीराची क्षमा मागितली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ओझे वाहणाऱ्या गाढवालाही चारा-पाणी लागते, हे एवढ्या मोठ्या संताला उमगले.

शोमरोनी माणूस पुढे निघाला

घरातल्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांसाठी आज एक खास विचार. दयाळू शोमरोन्याची कथा (लूक १०) आपल्याला तोंडपाठ आहे. त्याने जखमी माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, त्याची देखभाल केली. दुसऱ्या दिवशी त्याने काय केले? त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, काळजी घ्यायला सांगितले, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे वचन दिले आणि तो आपल्या वाटेने निघाला.

प्रभूने ज्याचा आदर्श आपल्यापुढे ठेवला, त्याने सारे काम एकट्याने केले नाही. त्याने दुसऱ्याला सोबत घेतले, त्यासाठी पैसे मोजले आणि पुन्हा येण्याचा शब्द दिला. इथ्रोनेही आपला जावई मोशे याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करताना पाहून हेच सांगितले होते: अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील, माणसे निवड आणि काम वाटून दे (निर्गम १८). मोशेने सासऱ्याचे ऐकले. आपल्यापैकी किती जण ऐकतात?

ख्रिस्तसभेच्या कायद्यालाही सेवा करणाऱ्यांची आठवण आहे. पवित्र कम्युनियन घेण्यापूर्वी एक तास काही खाऊ नये, असा नियम आहे. मात्र त्याच कलमात वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांनाही सूट दिली आहे (कलम ९१९). राखेच्या बुधवारचा आणि शुभ शुक्रवारचा उपवासही १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंतच बंधनकारक आहे (कलम १२५२). सत्तरीतल्या मधुमेही आजीने उपाशी राहून चक्कर येऊन पडावे, अशी पवित्र ख्रिस्तसभेची इच्छा नाही. लहान बाळाला किंवा आजाऱ्याला सोडून येता येत नाही म्हणून ज्यांची रविवारची मिस्सा चुकते, त्यांनीही मनाला लावून घेऊ नये. गंभीर कारण असेल तर त्या कर्तव्यातून सूट मिळते.

रविवार कुणाचा?

दहा आज्ञांत विश्रांतीची आज्ञा आहे. अनुवादाच्या पुस्तकात ती विस्ताराने दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांना विसावा मिळाला पाहिजे (अनुवाद ५:१४). याचा अर्थ असा की मी विश्रांती घेतली म्हणजे आज्ञा पाळली गेली, असे नाही. माझ्यामुळे दुसऱ्याला विश्रांती मिळाली का, हेही देव विचारतो.

आता आपला रविवार पाहू या. मिस्सा झाली, बाजारातून मटण किंवा मासळी आली, पाहुणे आले. पुरुष मंडळी ओटीवर गप्पा मारतात, मुले टीव्हीपुढे असतात आणि घरातली स्त्री दुपारी दोनपर्यंत चुलीपाशी असते. आठवड्यातला तिचा सर्वात कष्टाचा दिवस कोणता, तर प्रभूचा दिवस! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. शेवटी जेवणारी, उरलेसुरले खाणारी स्त्री आपल्याही घरात असू शकते. म्हणून ज्यांच्या हातात ताटे आयती येतात, त्यांना आज विनंती आहे: उठा, ताटे लावा, भांडी घासा. तिला पहिली बसवा. याईराच्या घरी प्रभूने दिलेली आज्ञा आपल्याही घराला लागू आहे.

मनाचेही दुखणे असते

पाय मोडला तर आपण सर्वांना सांगतो. मन मोडले तर मात्र लपवतो. झोप लागत नाही, कशात रस वाटत नाही, रडू येते, जगणे नकोसे वाटते, हे आठवडे न् आठवडे चालू असेल तर तो विश्वासाचा दुबळेपणा आहे, असे समजू नये. मरण मागणाऱ्या एलियाला देवाने टाकून दिले नाही. अशा वेळी प्रार्थना जरूर करावी आणि डॉक्टरांकडेही जावे. दोन्ही देवाचीच दारे आहेत. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीतून बोलता येते. हा क्रमांक आपण आपल्या प्रार्थनापुस्तकात लिहून ठेवू या. आपल्याला नाही तर शेजाऱ्याला तो लागू शकेल.

कामाच्या ओझ्याने मन कोरडे पडते, हे संत बर्नार्ड यांनी बाराव्या शतकात ओळखले होते. त्यांचाच एक शिष्य तिसरे युजीन या नावाने पोप झाला (११४५-११५३). संत बर्नार्ड यांनी त्यांच्यासाठी एक ग्रंथ लिहिला आणि बजावले की सतत कामात बुडून राहिलात तर तुमचे हृदय कठीण होईल. सगळ्या जगाला तुमच्यातले पाणी मिळते, तर थोडे तुम्हीही प्या. पोप महोदयांना जे सांगावे लागले, ते आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरू, सिस्टर्स, धर्मशिक्षक आणि रोज संध्याकाळी मीटिंगला धावणारे कार्यकर्ते यांनाही लागू आहे.

या आठवड्यात आपण काय करू या?

१. रोज दहा मिनिटे मोबाइल दूर ठेवून प्रभूपुढे शांत बसू या. काही मागायचे नाही, फक्त बसायचे.

२. सात तास झोप घेण्याचा प्रयत्न करू या. उद्याची चिंता झोपण्यापूर्वी प्रभूच्या हाती देऊ या.

३. रोज अर्धा तास भरभर चालू या. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. पाच दिवसांत तो होतो. सकाळच्या मिस्सेला स्कूटरऐवजी पायी आलो तरी सुरुवात होईल.

४. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ पोटात जावे, असे सांगितले जाते. सुकी मासळी, पापड आणि लोणच्यातले मीठही त्यात मोजू या.

५. रक्तदाब आणि साखर तपासून घेऊ या. उच्च रक्तदाब कित्येकदा काहीही न दुखवता आतून नुकसान करीत असतो. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

६. आपल्या गल्लीत कोण एकट्याने आजाऱ्याची सेवा करीत आहे? त्या घरी जाऊन सांगू या, "शनिवारी दोन तास आम्ही बसतो, तुम्ही जरा बाहेर जाऊन या." आणि असे कुणी सांगायला आले, तर "नको, नको" न म्हणता हो म्हणू या. मदत घेणे हीसुद्धा नम्रता आहे.

बंधूभगिनींनो, शेजाऱ्यावर किती प्रीती करावी, याचे माप प्रभूने आपल्याला दिले आहे: आपण स्वतःवर करतो तितकी. ते मापच फुटके असेल, तर शेजाऱ्याच्या पदरात काय पडणार? आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल करिंथकरांना सांगतात (१ करिंथ ६:१९). आपण आपल्या या चर्चचे छप्पर गळू लागले तर वर्गणी काढून ते दुरुस्त करतो. दुसरेही मंदिर देवाने आपल्याकडे सोपविले आहे. त्याची कौले आपण कधी पाहणार?

आपण प्रार्थना करू या:

हे प्रभो येशू, तू थकलास, झोपलास, जेवलास, मित्रांच्या घरी विसावलास. आमचे शरीर आणि मन ही तुझी देणगी आहे, हे आम्हाला कळू दे. जे दुसऱ्यांसाठी झिजतात त्यांना विसावा दे आणि तो देण्यासाठी आमचे हात वापर. जे आजार लपवतात त्यांना धीर दे. ज्यांना जगणे नकोसे झाले आहे, त्यांच्या उशाशी तुझा देवदूत पाठव आणि तो देवदूत म्हणून जायला आम्हाला तयार कर. आमेन.